मोठा एक्सल

"हाच," नाना म्हणाले आणि म्हशीच्या पाठीवर मारावी तशी त्यांनी त्या एक्सलवर थाप मारली. "युसूफभाई, हा बाजूला काढा."

देवळालीच्या अलीकडे, रेल्वे लाइनला लागून युसूफभाईंचं भंगाराचं यार्ड होतं. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जुन्या ट्रकांचे भाग तिथे येऊन पडत. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, साल सत्त्याऐंशी. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण पत्र्याच्या लांब शेडमध्ये, इंजिनांच्या आणि चाकांच्या ढिगाऱ्यांमध्ये बऱ्यापैकी अंधार होता. आम्ही चौघं त्या अंधारात उभे होतो. नाना, मी, युसूफभाई आणि गावित गुरुजी.

एक्सल गुरुजींना हवा होता. पेठच्या पलीकडे डोंगरात खिरपाडा म्हणून वस्ती होती, तिथल्या शाळेवर ते शिक्षक होते. पावसाळ्यात तिथे धो धो पाणी, आणि मार्चपासून थेंब नाही. बाया दोरीला धरून विहिरीच्या तळाशी उतरायच्या आणि वाटी वाटीने हंडा भरायच्या. महिन्यापूर्वी त्यातली एक वरून पडली, तिची कंबर गेली. गुरुजींनी आणि आजूबाजूच्या सात वस्त्यांनी मिळून लष्कराचा एक जुना ट्रक घेतला होता आणि त्याच्यावर बोअर मारायचं सेकंडहँड मशीन चढवलं होतं. साध्या ट्रकाची फक्त मागची चाकं ओढतात. याची चारही ओढायची, म्हणून तो डोंगरात जाईल असा सगळ्यांचा हिशेब. तो अर्ध्यापर्यंत गेलाही. तिथे एका कातळावरून पुढचं चाक धाडकन खाली आलं आणि मशीनच्या वजनाने पुढचा एक्सल मधोमध वाकला. ट्रक कसाबसा ओढून आमच्या गॅरेजात आणला तेव्हा त्याची पुढची चाकं वरून एकमेकांकडे कलली होती.

"पाऊस पडायच्या आत वर गेलं पाहिजे मिस्त्री," गुरुजी म्हणाले होते. "एकदा माती ओली झाली की मशीन दिवाळीपर्यंत जात नाही. आणि पुढचा उन्हाळा पाहायला सगळे असतीलच असं नाही."

पेठ रोडवर नानांचं गॅरेज होतं. नाना म्हणजे माझे वडील, सुकदेव पोपळघट. नाशिकपासून सापुताऱ्यापर्यंत कुठल्याही जीपचा, ट्रकचा पुढचा एक्सल मोडला की लोक त्यांच्याकडे यायचे. चार चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या एक्सलला तीन कामं असतात: वजन धरायचं, वळायचं आणि ओढायचंही. त्यामुळे तो सगळ्यात आधी मोडतो, आणि तो निवडणारा माणूस जाणता लागतो. नाना एक्सलवर हातोडी मारून त्याचा आवाज ऐकायचे, दांडा फिरवून चाक किती वेळा फिरतं ते मोजायचे, मग हो किंवा नाही म्हणायचे. त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला होता. आधी बाजूचं दिसेनासं होतं, मग मधलं. तोवर नानांना नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसत होतं, तेही भर उजेडात. ही गोष्ट फक्त आम्हा तिघांना ठाऊक होती: नाना, आई आणि मी. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. अभ्यास झेपत नाही असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे नानांना गॅरेजात एकटं सोडवत नव्हतं. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहायचे, कारण उजवा डोळा जास्त गेला होता. पायात काही आलं तर मी हळूच पायाने सरकवायचे. हळूहळू पाने ओळखायला लागले, मग खोलायला, मग फाटकं आणि स्टँड वेल्डिंग करायला. लोक म्हणायचे, मिस्त्रींनी पोरीला छान तयार केलंय.

त्या दिवशी यार्डात दोन एक्सल होते. एक मोठ्या ट्रकचा, जाडजूड, नुकताच हिरवा रंग मारलेला. दुसरा गुरुजींच्या ट्रकला होता तसाच, लहान, गंजलेला, पण सरळ. नानांनी मोठ्यावर दोन्ही हात फिरवले. हातोडी मारली. आवाज थोडा बद्द आला.

"आत ग्रीस आहे," ते म्हणाले. दांडा फिरवून त्यांनी फेरे मोजले. मागच्या एक्सलशी मेळ बसत होता. मग त्यांनी ती थाप मारली.

हातोडी त्यांच्या हातातून निसटून खाली पडली होती. ती उचलायला मी वाकले आणि एक्सलचं पोट मला दिसलं. मधला गोल भाग जिथे नळीला मिळतो तिथे नव्या हिरव्या रंगातून गंजाची एक बारीक रेघ वर आली होती. वीतभर लांब, केसाएवढी जाड. कुणीतरी चिरेत पितळ भरून, घासून, वरून रंग मारला होता. बोटाला काही लागणं शक्यच नव्हतं. डोळ्यालाच दिसली असती, आणि तीही वाकून पाहणाऱ्याच्या.

मी हातोडी घेऊन उभी राहिले. गुरुजी खिशातून कागद काढत होते. युसूफभाई दोन हमालांना हाका मारत होते.

"नाना, हा नको," मी म्हणाले. "तो लहान घेऊ."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

"का गं?" नानांनी विचारलं.

"हा रुंद आहे. पुढची चाकं मागच्यांच्या चाकोरीत येणार नाहीत."

"रिमा उलट्या बसवल्या की येतील."

"स्प्रिंगच्या बैठका बदलाव्या लागतील. तेवढा वेळ कुठे आहे?"

"दोन दिवसांचं काम आहे ते, शकू."

"तरी मला तो लहानच बरा वाटतो."

"लहानच वाकला ना त्यांचा?" नानांचा आवाज चढला नाही, पण त्यातली ऊब गेली. "तोच परत घालायचा?"

"मजबूत करून घालू."

युसूफभाई हसले. "मिस्त्री, बेटी अब आपको सिखाएगी."

गुरुजी एकदा माझ्याकडे आणि एकदा नानांकडे पाहत होते. मी नानांच्या डोळ्यांत पाहत होते आणि ते माझ्या थोडंसं डावीकडे पाहत होते.

"तिचंच ऐका गुरुजी," नाना शेवटी म्हणाले. "बाई म्हणतात तो घ्या."

बाई. मला आयुष्यात त्यांनी कधी बाई म्हटलं नव्हतं.

टेम्पोत लहान एक्सल टाकून आम्ही परत आलो. रस्ताभर नाना तोंड बाहेर करून बसले. घरी आईने विचारलं, "झालं का मनासारखं?" तर म्हणाले, "हिला विचार." बुधवारी ते गॅरेजात आले, पण लोखंडी खुर्चीत बसून राहिले. मी एकटीने तो एक्सल खोलला. गुरुवारी सकाळी उठले तर ते घरात नव्हते. मखमलाबादला मामांकडे जातो म्हणून गेले, असं आई म्हणाली. एकटेच बसने गेले म्हणून आम्ही दोघी दिवसभर दाराकडे डोळे लावून बसलो. ऊन उतरायच्या सुमाराला परत आले. सदऱ्याच्या बाहीवर पांढरी धूळ होती. मोरीवर जाऊन त्यांनी दोनदा साबणाने हात धुतले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी वेल्डिंगची मूठ उचलली आणि माझ्या हातात दिली.

"तू मार."

"एक्सलला? मी?"

"निवडला कुणी?"

ही शिक्षा आहे असंच मला वाटलं. मी निवडला, आता मीच निस्तरायचा. मी तेवीस वर्षांची होते आणि माझा जोड आजवर सुटला असता तर फार तर एखाद्या फाटकाची कडी निखळली असती. याच्यावर माणसं दरीच्या कडेने जाणार होती.

पुढचे बारा दिवस मी विसरलेले नाही. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. गॅरेज भाच्याच्या ताब्यात आहे आणि लोक तयार मजबूत एक्सल खोक्यात बांधून बाहेरून मागवतात. तरी रस्त्याने जाताना कुठे वेल्डिंगची निळी ठिणगी दिसली की मी त्या बारा दिवसांतच जाते.

नाना माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे, पाठ माझ्याकडे करून, कारण तो उजेड त्यांच्या डोळ्यांना वर्ज्य होता. आम्ही एक्सल आधी एका जाड रेल्वेच्या रुळाला घट्ट बांधला, म्हणजे तापून वाकू नये. नळीच्या खालच्या अंगाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत पुलाला असते तशी पट्ट्यांची कमान जोडायची होती. चाकं जिथे वळतात त्या सांध्यांना त्रिकोणी आधार द्यायचे होते.

"एका जागी जास्त मारायचं नाही," नाना पाठमोरे सांगायचे. "दोन बोटं इकडे, मग दोन बोटं त्या टोकाला. लोखंडाला कळता कामा नये तू कुठून येतेस ते."

मी मारायला लागले की ते मान खाली घालून ऐकायचे.

"थांब. हात पुढे पळतोय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भजी तळताना तेल कसं एकसारखं बोलतं? तसा आवाज पाहिजे. तुझं मधेच फुटतंय. घासून काढ."

डाव्या सांध्याचा एक आधार त्यांनी तीनदा घासून काढायला लावला. तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडापुढची काळी काच खाली होती म्हणून कुणाला दिसलं नसेल असं मला वाटलं. नाना म्हणाले, "रडून घे, मग मार. ओल्या डोळ्यांनी रेघ सरळ येत नाही."

प्रत्येक जोड झाला की आम्ही त्यावर गरम राख घालायचो, सावकाश थंड व्हावा म्हणून. त्या राखेचा वास, आईने पाठवलेल्या डब्यातली लसणाची चटणी, दुपारी समोरच्या कडुलिंबाखाली दहा मिनिटं आडवं होणं. आम्ही कामाचं बोलायचो, दुसरं काही नाही. पण त्या कामाच्या बोलण्यात नानांनी मला जितकं दिलं तितकं आधीच्या दोन वर्षांत दिलं नव्हतं.

शेवटी चाकांना फिरवणारे आतले दांडे राहिले. गुरुजींनी कुठून तरी जाड, जास्त कडक दांड्यांची जोडी मिळवून आणली होती. मी ती बसवायला घेतली तर नाना म्हणाले, "नको. जुनेच घाल."

"पण हे जास्त मजबूत आहेत."

"म्हणूनच नको. सगळंच मजबूत केलंस तर तुटायचं कुठे?" ते माझ्याकडे वळले. "डोंगर आपलं बळ दाखवणारच. त्याला काहीतरी तोडू द्यायचं. दांडा तुटला तर तासाभरात बदलशील. मधला गिअरचा गोळा फुटला तर तिथेच घर बांधून राहावं लागेल. जुनेच घाल, आणि तसलेच दोन जास्तीचे बरोबर घे."

मेच्या मध्यावर, एका सकाळी सातला आम्ही खिरपाड्याच्या पायथ्याशी पोचलो. तुळशीराम भोये ट्रक चालवत होता. गुरुजींच्या वस्तीतलाच, फार कमी बोलणारा माणूस. मी येणार होतेच. नाना येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आपणहून शिडी चढून केबिनमध्ये बसले होते.

रस्ता असा नव्हताच. बैलांची वाट होती, ती वस्तीतल्या लोकांनी फावड्यांनी रुंद केली होती. पहिली दोन वळणं ट्रक गुरगुरत चढला. चारही चाकं माती धरत होती. तिसऱ्या वळणावर तो कातळ होता, मागच्या खेपेला एक्सल वाकवणारा. तुळशीरामने गाडी थांबवली, खाली उतरून कातळ पाहिला, परत चढला.

"हळू," नाना म्हणाले.

पुढची चाकं कातळावर चढली. डावं चाक हवेत गेलं, फिरलं, आणि मशीनच्या सगळ्या वजनासकट खाली आलं. खाडकन आवाज झाला. बंदुकीच्या बारासारखा. ट्रक जागेवर थबकला.

मागे मशीनपाशी बसलेल्या गुरुजींनी खाली उतरून चाकांमागे दगड लावले. मी पोटावर झोपून गाडीखाली शिरले. कमानीच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं, मग बॅटरी लावून डोळ्यांनी पाहिलं, मग परत बोटाने. मधला गोळा शाबूत. नळी सरळ. सांध्यांचे आधार, तो तीनदा घासलेलासुद्धा, जसेच्या तसे.

"दांडा," मी खालून ओरडले. "डावीकडचा दांडा तुटलाय. बाकी सगळं ठीक."

नानांचा श्वास सुटलेला मला खालपर्यंत ऐकू आला.

गुरुजी आणि तुळशीराम पुढच्या वाटेवर दगड भरायला वर गेले. मी जॅक लावून चाक काढलं. नाना माझ्या मागे एका धोंड्यावर बसले होते. हत्यारांची पिशवी त्यांच्या मांडीत होती. मी नंबर सांगायचे, ते बोटांनी चाचपून नेमका तो पाना माझ्या हातात ठेवायचे. माझं डोकं मडगार्डखाली होतं. आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते.

"शकू."

"हं."

"त्या गुरुवारी मी मामांकडे गेलो नव्हतो."

मी बोल्ट सैल करत होते.

"युसूफभाईकडे गेलो होतो. तो मोठा एक्सल त्यांना उन्हात काढायला लावला. रॉकेलने पुसला, कोरडा केला, वरून खडूची भुकटी फासली. चीर असली की आत गेलेलं रॉकेल भुकटीत वर येतं. आलं. वीतभर."

वर कुठेतरी दगडावर दगड पडल्याचा आवाज आला.

"तू तेव्हाच पाहिली होतीस?"

"हो."

"मला वाटलंच. टेम्पोत बसल्यापासून विचार करत होतो. रुंदीचं तुला मीच शिकवलंय. त्यात काही दम नाही हे तुला ठाऊक होतं. मग ही पोर खोटं का बोलते?"

"तुम्ही रागावलात असं वाटलं मला."

"रागावलोच होतो. दोन दिवस तुझ्यावर. मग माझ्यावर." त्यांनी मांडीतली पिशवी सरळ केली. "का नाही बोललीस?"

मी तुटलेल्या दांड्याचा तुकडा ओढून बाहेर काढला आणि मागे न बघता त्यांच्या हातात दिला.

"सगळ्यांसमोर कसं बोलू?" मी म्हणाले. "सुकदेव मिस्त्रींना चीर दिसली नाही, असं? उद्या सगळ्या नाशिकला कळलं असतं."

"माझी लाज राखलीस."

"हो."

"मग एक सांग. आपण लहान एक्सल घेऊन आलो. तो मोठा कुठे राहिला?"

मी बोटांनी भोकातलं ग्रीस काढू लागले.

"यार्डात राहिला. नवा रंग मारलेला. शनिवारी धुळ्याचा एक माणूस तो घ्यायला येणार होता, खडीच्या ट्रकसाठी. युसूफभाईंनीच सांगितलं. चीर त्यांनाही माहीत नव्हती, त्यांच्याकडे तो तसाच आला होता." नानांचा आवाज अगदी हळू होता. "तुला तुझा बाप दिसला. तो धुळ्याचा माणूस नाही दिसला."

मला ते खरोखरच दिसलं नव्हतं. दोन-अडीच आठवडे मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते, की किती शिताफीने सगळं निभावलं. बापाची लाज राखली, गुरुजींचा ट्रक वाचवला. तो एक्सल त्या शेडमध्ये कुणाची तरी वाट पाहत पडला आहे, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. ग्रीसमध्ये पाना सरकू लागला.

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मग काय. युसूफभाई म्हणाले, मिस्त्री, परवा तुम्हीच याला चांगला म्हणालात, तेव्हा कशी नाही दिसली? मी म्हणालो, मला दिसत नाही युसूफभाई. दोन वर्षं झाली."

"सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं. बोलताना जीभ लोखंडाची झाली होती. पण एकदा बोललो आणि बरं वाटलं बघ. त्यांनी मला चहा पाजला. मग गॅस आणून माझ्यासमोर तो एक्सल मधोमध कापला, आणि स्वतः मला बसपर्यंत सोडायला आले."

मी मडगार्डखालून डोकं बाहेर काढलं. नाना तुटलेल्या दांड्याच्या टोकावरून अंगठा फिरवत होते. त्यांचे डोळे उन्हाने बारीक झाले होते.

"मूठ तुझ्या हातात दिली ती शिक्षा म्हणून नाही," ते म्हणाले. "ज्याला दिसतं त्यानेच मारायला पाहिजे, एवढंच होतं. ते मला दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. नवा दांडा दे बघू इकडे, दाते पुसतो."

तासाऐवजी सव्वा तास लागला. अकराच्या सुमाराला ट्रक तो कातळ ओलांडून गेला, आणि दुपारी जेवायच्या वेळेला आम्ही खिरपाड्यात होतो. माणसं शाळेसमोर जमली होती. त्या पडलेल्या बाईला खाटेवर बसवून बाहेर आणलं होतं. गुरुजींनी मोठ्या अभिमानाने नानांचा हात धरून त्यांना पुढे केलं. "हे नाशिकचे पोपळघट मिस्त्री. यांनी एक्सल निवडून दिला म्हणून आज गाडी वर आली."

"मी नाही निवडला," नाना म्हणाले. "मी दुसराच निवडला होता, तो फुटका निघाला. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही. हा माझ्या मुलीने निवडला आणि तिनेच जोडला."

खाटेवरची ती बाई माझ्याकडे पाहून हसली आणि तिने शेजारच्या पोरीला मला बसायला घोंगडी आणायला पाठवलं.

पहिला बोअर कोरडा गेला. दोनशे फूट नुसती पांढरी भुकटी. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागे मशीन हलवलं आणि दुपारी एकशे चाळीस फुटांवर भुकटी ओली झाली, मग काळी, मग पाणी आलं. फार नाही, हातपंपापुरतं. बाया आधी जवळ आल्याच नाहीत. पाणी चिखल टाकून स्वच्छ होईपर्यंत लांबूनच बघत राहिल्या.

नानांचं बोलणं आठवड्याभरात सगळ्या पेठ रोडवर पसरलं. काही गिऱ्हाइकं तुटली. एकाने तर तोंडावर सांगितलं, आंधळा मिस्त्री आणि बाई वेल्डर, गाडी कुणाच्या भरवशावर सोडू? जास्त करून मात्र लोक येत राहिले. नाना त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि शेवटची सात पूर्ण अंधारात. कुठल्याही यार्डात शिरलं की ते दारातच मोठ्याने सांगायचे, "मला दिसत नाही, ही बघेल आणि सांगेल." मग माझ्यावर सांगायची पाळी यायची, आणि जे असेल ते सगळंच सांगावं लागायचं.

खिरपाड्याहून आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी उतरलो. मशीन दुसऱ्या वस्तीसाठी वरच उतरवून ठेवलं होतं, आम्हाला सोडून तुळशीराम त्यासाठी परत वर येणार होता, त्यामुळे ट्रक हलका झाला होता. गुरुजी वरच राहिले. नाना मधे बसले होते, मी खिडकीशी. त्यांनी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला होता.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

मला ती सवय होती. चढावर, पायऱ्यांवर, रस्ता ओलांडताना ते असंच विचारायचे आणि मी म्हणायचे, काही नाही नाना, चला तुम्ही. या वेळीही तेच तोंडावर आलं होतं.

"वाट उजवीकडे वळतेय," मी म्हणाले. "समोर साग आहेत, पानं झडलेले. आपल्या डाव्या बाजूला दरी आहे."

"कठडा?"

"नाही."

"किती खोल?"

मी खिडकीतून खाली पाहिलं. तळाला नदीचं कोरडं पात्र होतं, आणि त्यात चरणारी गुरं तांदळाच्या दाण्यांएवढी दिसत होती.

"खूप खोल आहे नाना. चाक कडेपासून दीड हातावर आहे."

तुळशीरामने चमकून माझ्याकडे पाहिलं. नानांनी दांडा आणखी घट्ट धरला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, मी कितीतरी दिवसांत न पाहिलेलं.

"हां," ते म्हणाले. "पुढे सांग."